औषधांची आणेवारी

महाराष्ट्र राज्याचे माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री यांस,



आपल्या सरकारच्या महसूल खात्याचा एक जुना शिरस्ता आहे. खरिपाचे पीक शेतात उभे असतानाच तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक गावच्या शिवारात उतरतात, ठरवून दिलेल्या तुकड्यांवर पीककापणीचे प्रयोग करतात, आणि रुपयामागे किती पैसे पीक पदरात पडेल याचा गाववार अंदाज प्रथम नजरेने, मग हंगामी आणि अखेरीस अंतिम अशा पायऱ्यांनी जिल्हाधिकारी कचेरीकडे पाठवितात. ज्या गावाचा आकडा पन्नास पैशांच्या आत येतो त्या गावाला टंचाईच्या सवलती देण्याचा विचार सरकारला करावा लागतो. सरकारी कागदांत हिला आता पैसेवारी म्हणत असले तरी शेतकऱ्याच्या तोंडी ती आणेवारीच आहे. तिच्याविषयी त्याच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच रास्तही आहेत. परंतु गावात काय पिकले हे सरकारने दरसाल मोजावे, लिहावे आणि जाहीर करावे, याविषयी कोणाचा वाद नाही. प्रस्तुत पत्र मी एका वेगळ्या आणेवारीची मागणी करण्यासाठी लिहीत आहे. मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाला असता जी प्रतिजैविके आपल्या दवाखान्यांतून आणि औषधांच्या दुकानांतून दिली जातात, त्यांपैकी कोणते औषध कोणत्या जिल्ह्यात शंभरांतील किती जंतूंवर अद्याप चालते, याचा आकडा आपल्या खात्याने दरसाल तालुक्यातल्या साध्या रुग्णांच्या तपासणीवरून काढावा आणि तो जिल्ह्यातल्या प्रत्येक डॉक्टराच्या हाती पोहोचवावा, एवढीच ती मागणी आहे.

हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि तिची किंमत मुख्यत्वे स्त्रियांना भरावी लागते. 'उन्हाळी लागली' एवढ्या मोघम शब्दांत ज्याची वाच्यता होते त्या दुखण्यावर घरातली वडीलधारी बाई धन्या-जिऱ्याचे किंवा वाळ्याचे पाणी देते; दोन दिवसांत जळजळ थांबली नाही तर घरातला एखादा पुरुष मेडिकलच्या दुकानात जाऊन, कोणाला दुखते आहे हे न सांगता, 'लघवीला जळजळ आहे, काहीतरी द्या' असे म्हणतो; आणि दुकानदार सिप्रोफ्लॉक्सासिनच्या किंवा नॉरफ्लॉक्सासिनच्या चार गोळ्या व जोडीला लघवीची आम्लता घटविणारे एक गोड सिरप पुडीत बांधून देतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटले की उरलेल्या दोन गोळ्या देवघराच्या कोनाड्यात पुढच्या वेळेसाठी जपून ठेवल्या जातात. या सगळ्या व्यवहारात कोणाचाही हेतू वाईट नाही, आणि म्हणूनच केवळ दटावणीने तो बदलेल अशी मला आशा नाही. तालुक्याच्या गावी डॉक्टरकडे जायचे म्हणजे त्या बाईची एका दिवसाची मजुरी बुडते, एस. टी.चे भाडे पडते, आणि डॉक्टर पुरुष असला तर पुष्कळदा खरे दुखणे सांगायचे राहूनच जाते.

या दुखण्याचे कारण बहुतांशी एकच असते. थिओडोर एशेरिक या वैद्याने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या मलात जो दंडाकार जंतू पाहिला आणि ज्याला पुढे त्याचेच नाव मिळून एशेरिकिया कोलाय, म्हणजे व्यवहारातला ई. कोलाय, असे म्हणू लागले, तो आपणा सर्वांच्या आतड्यात निरुपद्रवीपणे राहत असतो. परंतु त्याच्या काही जातींच्या अंगावर केसासारखे बारीक तंतू असतात आणि त्यांच्या टोकाशी असलेल्या प्रथिनाच्या साहाय्याने त्या मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला अशा चिकटतात की लघवीच्या प्रवाहाने सहजासहजी सुटत नाहीत. स्त्रीचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटरांच्या आसपास असल्यामुळे आतड्याच्या दारापासून मूत्राशयापर्यंतचे हे अंतर कापणे या जंतूला अवघड जात नाही, आणि जगातल्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. साध्या संसर्गांपैकी सुमारे तीनचतुर्थांश ई. कोलायचे असतात; उरलेल्यांत क्लेब्सिएला, प्रोटियस, एन्टरोकॉकस अशी मंडळी येतात. दुखणे मूत्राशयापुरते राहिले तर त्रासदायक असले तरी घातक नसते. ते वर मूत्रपिंडापर्यंत चढले आणि तेथून रक्तात उतरले, तर मात्र त्याचे रूप पार पालटते. औषध लागू पडले नाही म्हणून जे तीन दिवस वाया जातात त्या तीन दिवसांत पुष्कळदा हीच चढण होते.

औषधांचा इतिहास पाहू लागल्यास आशेचे आणि उधळपट्टीचे दोन्ही अध्याय त्यात सापडतात. १९३५ साली जर्मनीत गेऱ्हार्ड डोमाक यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनापासून सल्फा औषधांचे युग सुरू झाले. महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन आले. आणि त्याच पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात, अपुऱ्या मात्रेत औषध घेणारा मनुष्य आपल्या अंगातले जंतू मारण्याऐवजी त्यांना औषधाची सवय लावील, असा स्पष्ट इशारा देऊन ठेवला. आपल्या राज्याला या इतिहासात एक मानाचे पान आहे: जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि परदेशी कुप्यांवर अवलंबून असलेल्या देशाला स्वतःचे पेनिसिलिन मिळू लागले. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, नायट्रोफ्युरँटॉइन हे लघवीच्या संसर्गासाठीचे औषध वापरात आले. १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक ॲसिडचा शोध प्रसिद्ध झाला आणि त्याच्याच वंशात पुढे नॉरफ्लॉक्सासिन व सिप्रोफ्लॉक्सासिन जन्मली. शेवटची दोन औषधे इतकी प्रभावी, इतकी सोयीची आणि भारतातल्या कारखान्यांनी इतकी स्वस्त केलेली होती की ज्वर, जुलाब, सर्दी, गळू, लघवी असा कसलाही भेद न करता ती दिली गेली. आणि आज लघवीतल्या ई. कोलायविरुद्ध त्यांचा भरवसा जवळजवळ संपला आहे.

जंतू औषधाला दाद देईनासा होतो तो दोन मार्गांनी. एक मार्ग त्याच्या स्वतःच्या वंशसूत्रातल्या फेरफाराचा. सिप्रोफ्लॉक्सासिन ज्या विकरावर बसून जंतूची वाढ थांबविते त्या विकराची घडण किंचित बदलली की औषधाला बसायला जागाच उरत नाही, आणि अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होणाऱ्या जंतूच्या कोट्यवधी संततीत असा फेरफार कोठे ना कोठे घडतोच. दुसरा मार्ग अधिक अवघड आहे. प्लास्मिड नावाची वर्तुळाकार वंशसूत्रे एका जंतूकडून शेजारच्या जंतूकडे, क्वचित एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे जातात, आणि एकाच प्लास्मिडवर पाच-सहा औषधांना निष्प्रभ करणारी जनुके एकत्र बसलेली असू शकतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जपानी संशोधकांनी हगवणीच्या जंतूंत प्रतिकाराची ही हस्तांतरणे दाखवून दिली, तेव्हा वैद्यकजगताला ते प्रथम खरे वाटेना. यातून निघणारा निष्कर्ष धोरण आखणाऱ्याने नीट ध्यानात घ्यावा असा आहे: सर्दीसाठी घेतलेल्या अनावश्यक गोळीने घेणाऱ्याच्या आतड्यातला ई. कोलाय निगरगट्ट होतो, आणि महिन्याभराने तोच ई. कोलाय त्याच्याच किंवा त्याच्या घरातल्या स्त्रीच्या मूत्राशयात उतरतो. ज्या औषधाचा लघवीशी काही संबंध नव्हता त्याची वसुली अशा रीतीने लघवीच्या दुखण्यातून होते.

येथे एका प्रकरणाची आठवण देणे मला आवश्यक वाटते. २००८ च्या आरंभी स्वीडनमध्ये राहणाऱ्या, परंतु त्यापूर्वी भारतात इस्पितळात उपचार घेतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत जो क्लेब्सिएला सापडला, तो कार्बापेनेम या राखून ठेवलेल्या औषधांनाही दाद देत नव्हता, आणि त्याच्यातल्या नव्या विकराला संशोधकांनी नवी दिल्लीचे नाव दिले. २०१० मध्ये हे प्रकरण लॅन्सेटच्या संसर्गरोगविषयक पत्रिकेतून गाजले तेव्हा आपल्या संसदेत आणि वृत्तपत्रांत जो संताप उसळला तो राजधानीच्या नावाची बदनामी झाली म्हणून. वैद्यकीय पर्यटन बुडविण्याचा हा कट आहे, असेही जबाबदार माणसे बोलली. परंतु त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, म्हणजे तो गदारोळ होण्याच्या काही महिने आधीच, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय फिजिशियनांच्या संघटनेच्या नियतकालिकात आपला अनुभव प्रांजळपणे छापला होता: कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या आतड्याच्या जंतूंचे २४ नमुने त्यांनी तपासले आणि त्यांपैकी २२ मध्ये तेच विकर आढळले. मुंबईने स्वतःच्या इस्पितळात मोजून स्वतःच्या भाऊबंदांना जे सांगितले ते कोणी ऐकले नाही, आणि परक्यांनी सांगितले तेव्हा भांडण नावावर गेले. सरकारी यंत्रणेला मोजण्यापेक्षा नाकारणे सोपे का वाटते, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

मोजमाप अगदीच होत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ पासून मोठ्या इस्पितळांचे एक जाळे उभारले असून त्याचे वार्षिक अहवाल प्रसिद्ध होतात. त्यांतला एकच आकडा देतो: २०१७ मध्ये शंभरांपैकी ८१ ई. कोलाय इमिपेनेम या कार्बापेनेमला वश होते, ते प्रमाण २०२२ मध्ये ६६ वर आले. हा आकडा भयप्रद आहेच. परंतु तो कोठला आहे हेही पाहिले पाहिजे. या जाळ्यात येणारे बरेच रुग्ण म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात, पुष्कळदा चार ठिकाणी उपचार करून थकल्यावर पोहोचलेले, अतिदक्षता विभागातले, मूत्रनलिका घातलेले, दहा औषधे पचविलेले. जुन्नरच्या किंवा चाळीसगावच्या, प्रथमच उन्हाळी लागलेल्या पंचविशीतल्या मुलीच्या लघवीतला जंतू त्यांच्यासारखाच असेल असे मानण्यास आधार नाही. तरीही तालुक्यातल्या डॉक्टराला दुसरा आकडाच उपलब्ध नसल्यामुळे तो या आकड्याने घाबरतो आणि पहिल्याच भेटीत वरच्या पायरीचे इंजेक्शन टोचतो. अशा रीतीने शहरी अतिदक्षता विभागाची आणेवारी गावाच्या शिवारावर लावली जाते आणि तिच्यामुळे गावाचे उभे पीकही नासते. अपुरे ज्ञान अज्ञानापेक्षा अधिक नुकसान करते याचा याहून ठळक दाखला मला आठवत नाही.

आणि या सगळ्यात दैवाची एक मेहेरबानी अशी की, साध्या मूत्राशयदाहासाठी आपल्या हाती अद्याप चांगली शस्त्रे आहेत. १९५३ चे ते नायट्रोफ्युरँटॉइन आज सत्तरी ओलांडूनही लघवीतल्या बहुसंख्य ई. कोलायवर चालते, १९६९ मध्ये स्पेनच्या मातीतल्या जंतूपासून मिळालेले फॉस्फोमायसिनही चालते, आणि त्याची तर एकच मात्रा घ्यावी लागते. नायट्रोफ्युरँटॉइन टिकून राहिले याचे कारण त्याच्या स्वभावातच आहे: ते जंतूच्या अनेक घटकांवर एकदम आघात करते, त्यामुळे एका फेरफाराने जंतूची सुटका होत नाही, आणि ते लघवीत साचते पण रक्तात व इतर अवयवांत फारसे उरत नाही, त्यामुळे सर्दी-पडशाला कोणी ते दिले नाही आणि ते उधळले गेले नाही. मूत्रपिंडाच्या संसर्गाला ते चालत नाही, ज्यांची मूत्रपिंडे बरीच दुबळी झाली आहेत त्यांना ते देऊ नये, आणि प्रसूतीचे दिवस जवळ आले असता ते टाळावे, हे त्याचे निर्बंध आहेत. पण त्याच्या जोडीला दिले जाणारे ते गोड सिरप लघवी अल्कधर्मी करते आणि नायट्रोफ्युरँटॉइनचा जोर आम्ल लघवीतच अधिक असतो, ही गोष्ट कित्येक चिठ्ठ्यांवर दोन्ही औषधे शेजारी शेजारी पाहिल्यावर माझ्या मनात हटकून येते. तालुक्यातला डॉक्टर हे जुने औषध लिहायला कचरतो, कारण ते जुने आहे, कंपनीचा प्रतिनिधी त्याच्याविषयी बोलत नाही, आणि ते आपल्या भागात चालते असा छापील दाखला त्याच्यापाशी नाही. तो दाखला देणे आपल्या हाती आहे.

दुकानदारावर सगळे खापर फोडण्याची सोय मला नाकारावीशी वाटते. १९४५ च्या औषध नियमांतील शेड्यूल एच-१ मध्ये, १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या तरतुदीप्रमाणे, कित्येक प्रतिजैविकांची विक्री करताना डॉक्टराचे व रुग्णाचे नाव आणि औषधाचे परिमाण वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. सेफिक्झिम आणि लिव्होफ्लॉक्सासिन त्या यादीत आहेत. परंतु ज्या सिप्रोफ्लॉक्सासिनचा उल्लेख या पत्रात आरंभीच आला ते त्या यादीत नाही, केवळ जुन्या शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठी लागते पण वही लागत नाही. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक किती आणि दुकाने किती, याचा हिशेब आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. ज्या गावात दहा मैलांत डॉक्टर नाही तेथे केवळ हुकमाच्या जोरावर दुकानाची खिडकी बंद केली तर त्या बाईचे दुखणे थांबत नाही. अंमलबजावणी व्हावी, पण तिच्या आधी तेथे दुसरे दार उघडलेले असावे.

ते दार म्हणजे लघवीचे कल्चर, आणि या तपासणीत नवलाचे किंवा फार खर्चाचे काही नाही. मध्यप्रवाहातली लघवी स्वच्छ बाटलीत घ्यावी, मापाच्या कडीने तिचा एक हजारांश मिलिलिटर थेंब जंतुपोषक थाळीवर पसरावा, ३७ अंशांवर रात्रभर उबवावा, आणि सकाळी वसाहती मोजाव्या. मिलिलिटरमागे एक लक्ष जंतू असता संसर्ग मानावा, हे प्रमाण बॉस्टनचे एडवर्ड कास यांनी १९५६ मध्ये घालून दिले, आणि लक्षणे स्पष्ट असतील तर त्याहून कमी आकडाही आता ग्राह्य धरतात. मग त्या जंतूच्या थाळीवर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवून प्रत्येकीभोवती किती मिलिमीटर मोकळे वर्तुळ पडते ते मोजावे. ही टिकल्यांची पद्धत १९६६ पासून जगभर रूढ आहे. सारे काम दोन दिवसांचे. अडचण प्रयोगशाळेत नसून वाटेत आहे: लघवी उन्हात तशीच राहिली तर बाटलीतच जंतू वाढतात, म्हणून ती दोन तासांत थाळीवर जावी किंवा थंड पेटीत ठेवावी, नाहीतर बाटलीत आधीच थोडे बोरिक ॲसिड घालून ठेवावे, म्हणजे दिवसभर ती टिकते. आपल्याच खात्याच्या महालॅब व्यवस्थेत प्राथमिक आरोग्य केंद्रांतून नमुने उचलून नेणारी माणसे आहेत, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. ही महाविद्यालये दुसऱ्या खात्याकडे, औषध दुकाने तिसऱ्याकडे आणि रुग्ण आपल्याकडे, अशी जी वाटणी झाली आहे, तिच्यावर एका संयुक्त परिपत्रकाने मात करता येईल, असे मला वाटते. नपेक्षा मंत्रिमंडळाची बैठक कशासाठी असते?

हे आपल्याकडे होण्यासारखे नाही, असे कोणी सचिव आपणांस सांगेल तर त्याला क्षयरोगाच्या कार्यक्रमाकडे बोट दाखवावे. त्या कार्यक्रमात निदान झालेल्या रुग्णाचा जंतू रिफॅम्पिसिन या औषधाला दाद देतो की नाही हे तपासण्याची पद्धत देशभर रूढ झाली, तालुक्याच्या पातळीवर त्याची यंत्रे बसली, आणि त्यांतले ट्रूनॅट हे यंत्र तर शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बनविलेले आहे. औषध देण्याआधी जंतूला विचारावे, हे तत्त्व राज्याने एका रोगात मान्य केलेले आहे.

मात्र एका अतिरेकापासून सावध राहिले पाहिजे. सरसकट सर्वांची लघवी तपासू लागल्यास वृद्धांच्या, मधुमेहींच्या आणि मूत्रनलिका असलेल्यांच्या लघवीत कोणतेही लक्षण नसताना जंतू सापडतील, आणि अहवालावरचा लाल शेरा पाहून त्यांना नाहक प्रतिजैविके दिली जातील. तसे देऊ नये, याविषयी तज्ज्ञांत एकमत आहे. याला ठळक अपवाद गर्भवतीचा. तिच्या लघवीतले मुके जंतू उपचारावाचून राहिले तर मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा आणि प्रसूती अकाली होण्याचा धोका असतो, म्हणून तिची लघवी जळजळ नसतानाही एकदा कल्चरला पाठवावी असे जागतिक शास्त्र सांगते. आपल्या केंद्रांत तिच्या लघवीत प्रथिन आणि साखर पाहतात व तेथेच थांबतात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची तपासणी होते. त्याच दिवशी त्याच रांगेत बोरिक ॲसिडची एक बाटली अधिक ठेवली तर मातांचे रक्षण होईल, आणि ज्यांनी फारशी प्रतिजैविके पचविलेली नाहीत अशा निरोगी ग्रामीण स्त्रियांच्या जंतूंचा तो नमुना, जो मोठ्या इस्पितळांच्या जाळ्यात कधी सापडत नाही, आपोआप गोळा होईल.

औषधाची गरजच कमी करणाऱ्या एका उपायाविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही, जरी तो आपल्या खात्याच्या कक्षेबाहेरचा वाटला तरी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार मूत्राशयदाह होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला दिले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरजणींना ३.२ वेळा, आणि प्रतिजैविकांचा वापरही त्याच प्रमाणात उतरला. पाणी प्या, असा उपदेश या निष्कर्षावरून करणे फार सोपे आहे. पण ऊसतोडीला गेलेली बाई, भल्या पहाटे भाजीची पाटी घेऊन बाजारात बसणारी बाई, वाहतूक नियंत्रणासाठी चौकात उभी असलेली महिला शिपाई, या सगळ्या पाणी पीत नाहीत ते अडाणीपणाने नव्हे. प्यायलेले पाणी टाकायला जागा नाही हे त्यांना पक्के ठाऊक आहे. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' या नावाने ज्या स्त्रिया संघटित झाल्या त्यांची तक्रार अशी होती की सार्वजनिक मुताऱ्या पुरुषांना फुकट आहेत आणि बायकांकडून पैसे घेतले जातात. त्या वेळी पुष्कळांना ही मागणी हास्यास्पद वाटली. प्रतिजैविकांच्या जपणुकीसाठी आपण जी समिती नेमाल तिच्यात औषधशास्त्रज्ञांच्या शेजारी एस. टी. महामंडळाचा आणि साखर आयुक्तालयाचा अधिकारी बसलेला मला पाहायला आवडेल. बसस्थानकातल्या स्वच्छ, दिवा असलेल्या, कडी लागणाऱ्या आणि विनामूल्य संडासाने जेवढे सिप्रोफ्लॉक्सासिन वाचेल तेवढे एखाद्या जनजागृती फलकाने वाचेल असे मला वाटत नाही.

आता मागणीचा तपशील. केरळ राज्याने २०१८ मध्ये स्वतःची कृतियोजना केली आणि जंतूंच्या प्रतिकाराचा राज्याचा तक्ता ते राज्य प्रसिद्ध करते. महाराष्ट्राला अनुकरणाचा कमीपणा वाटण्याचे कारण नाही. प्रत्येक जिल्ह्याचा एक कागद असावा, मराठीत असावा, आणि त्यावर लघवीतल्या ई. कोलायपुरती पाचच औषधे असावीत: नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन, को-ट्रायमॉक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफिक्झिम. बाह्यरुग्ण आणि दाखल रुग्ण यांचे रकाने वेगळे असावेत, कारण तसे न केल्यास पूर्वी सांगितलेला घोटाळा पुन्हा होईल. एका रुग्णाचा वर्षातला पहिलाच जंतू मोजावा आणि तीसपेक्षा कमी जंतूंवरून आकडा काढू नये, हा आंतरराष्ट्रीय दंडक पाळावा. हिशेबासाठी लागणारी व्होनेट ही संगणकप्रणाली जागतिक आरोग्य संघटना विनामूल्य देते. खासगी प्रयोगशाळांच्या कपाटांत असे हजारो अहवाल पडून आहेत. रुग्णांची नावे वगळून ते दरमहा कळविण्याची त्यांना विनंती करावी, आणि विनंती मानली नाही तर नियम करावा. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने को-ट्रायमॉक्साझोलच्या बाबतीत असा दंडक सुचविला आहे की, एखाद्या भागात शंभरांतले वीसहून अधिक जंतू त्याला दाद देत नसतील तर तपासणीवाचून ते देऊ नये. अशीच एक मर्यादा आपल्या तज्ज्ञांनी प्रत्येक औषधासाठी ठरवावी, म्हणजे पन्नास पैशांच्या आत आलेल्या गावाप्रमाणे त्या जिल्ह्यात ते औषध आपोआप यादीबाहेर जाईल आणि सरकारी खरेदीही त्याप्रमाणे बदलेल. आज गोळ्यांची खरेदी दरपत्रकावरून ठरते. ती गोळी कोणावर चालते हा प्रश्न त्या दरपत्रकात कोठेच येत नाही.

सर्व जिल्हे एकदम शक्य नाहीत, हे मला समजते. पहिल्या वर्षी एकच जिल्हा घ्यावा, आणि तो आपल्या स्वतःच्या मतदारसंघाचा असावा अशी माझी सूचना आहे. म्हणजे त्या कागदाला उशीर झाला तर जाब विचारण्यासाठी लोकांना मुंबईपर्यंत यावे लागणार नाही.

कळावे.

आपला नम्र,
एक नागरिक